शाळेचे दार आणि पित्याचा परवाना

जून महिना उजाडला की गावोगावच्या शाळांच्या पडवीत एक परिचित दृश्य दिसू लागते. नव्या कोऱ्या गणवेशातील मूल आईच्या पदराला घट्ट धरून उभे असते. मुख्याध्यापक चष्मा सावरीत मोठी वही पुढे ओढतात आणि मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख असे चार प्रश्न विचारतात. वहीत एक ओळ लिहिली जाते. त्या एका ओळीने आजवर केवळ आईचे असलेले मूल गावाचे होते, समाजाचे होते.

आता अशी कल्पना करा की, मुख्याध्यापकांनी पाचवा प्रश्न विचारला: "बाई, तुम्हांला आणि तुमच्या यजमानांना या देशात राहण्याचा परवाना आहे काय?" आणि तो नाही असे कळताच वही मिटली. त्या आईने मुलाला काय सांगावे? चूक कोणाची म्हणून सांगावे?

हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास राज्यात तो खरोखर विचारला गेला, वही खरोखर मिटली गेली, आणि ती पुन्हा उघडावी म्हणून काही गरीब, भेदरलेल्या मायबापांनी मोठे धाडस केले. त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती दूर देशीची असली, तरी तिच्यातील आई, बाप आणि मूल आपल्याला परके वाटू नये.

गुलाबांच्या गावी

टेक्सासच्या पूर्व भागात टायलर नावाचे शहर आहे. गुलाबाच्या रोपांसाठी त्याची ख्याती अमेरिकाभर पसरलेली असून 'गुलाबांची राजधानी' हे बिरुद ते अभिमानाने मिरविते. परंतु गुलाब ज्याच्या हातून फुलतो, त्याच्या हातात काटेच अधिक येतात. रोपे लावणे, खुरपणे, उपटून जुड्या बांधणे ही कंबर मोडणारी कामे करावयास शेजारच्या मेक्सिको देशातून मजूर येऊ लागले. कोणी मळ्यांत राबले, कोणी कारखान्यांत. सीमा ओलांडताना साऱ्यांपाशीच सरकारी परवाने होते असे नाही, आणि कामावर घेणाऱ्या मालकांनी ते फारसे विचारलेही नाहीत. दिवस गेले, मजूर स्थिरावले, मागाहून बायकामुले आली आणि मुले गावच्या सरकारी शाळेत जाऊ लागली.

१९७५ च्या मे महिन्यात टेक्सासच्या विधिमंडळाने शिक्षणाच्या कायद्यात एक दुरुस्ती केली. ज्या मुलांचा देशातील प्रवेश कायदेशीर नाही, त्यांच्या शिक्षणासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसा मिळणार नाही, आणि अशा मुलांना शाळेत न घेण्याची स्थानिक शाळामंडळांना मोकळीक राहील, असा तिचा आशय होता. टायलरच्या शाळामंडळाने पहिली दोन वर्षे या मुलांना जवळ केले. पण १९७७ च्या जुलै महिन्यात त्यानेही ठराव केला की, परवाना नसलेल्या मुलांनी दरसाल १,००० डॉलर फी भरावी, एरव्ही शाळेत येऊ नये. इतर गावांनी दारे लावली तर अशा मुलांचा लोंढा आपल्याच गावी येईल, ही मंडळाची धास्ती. वस्तुतः टायलरच्या शाळांतून त्या वेळी सुमारे १६,००० विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत परवाना नसलेली मुले साठाच्या आसपास होती. धान्याच्या कोठारातून मूठभर दाणे चिमण्यांनी टिपावेत, इतकाच हा भार.

मजुरी करणाऱ्या बापाला दर मुलामागे हजार डॉलर म्हणजे आकाशीचा चंद्रच. घरात चार लेकरे असली तर चार हजार! शाळा उघडल्या, आळीतील इतर मुले दप्तरे घेऊन निघाली, आणि ही मुले उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिली.

पहाटेचे न्यायालय

टायलरच्या कॅथलिक धर्मग्रामात मेक्सिकन कुटुंबांची विचारपूस करणारा एक प्रापंचिक कार्यकर्ता होता. या मायबापांचे दुःख प्रथम त्याच्या कानी आले. त्याने लॅरी डेव्हज या स्थानिक वकिलास गाठले, आणि डेव्हज यांनी मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेचे वकील पीटर रूस यांचे साहाय्य मिळविले. कायद्याचे ज्ञान वकिलांपाशी होते. परंतु दावा लावावयाचा तर फिर्यादी हवेत, आणि फिर्यादी होणे म्हणजे आपल्यापाशी परवाना नाही हे भर न्यायालयात कबूल करणे. ज्या सरकारी नजरेपासून ही माणसे वर्षानुवर्षे लपून राहिली, तिच्याच पुढे आपणहोऊन उभे राहावयाचे होते.

चार कुटुंबे पुढे आली. त्यांची नावे उघड होऊ नयेत म्हणून कागदोपत्री त्यांना 'डो' असे म्हटले गेले. आपल्याकडे 'अमुक तमुक' म्हणतात, तसेच हे इंग्रजी न्यायालयातील टोपणनाव. प्रतिवादी होते शाळांचे अधीक्षक जेम्स प्लायलर. म्हणून हा खटला 'प्लायलर विरुद्ध डो' या नावाने इतिहासात नोंदला गेला.

सुनावणी न्यायमूर्ती विल्यम वेन जस्टिस यांच्यापुढे होती. आडनावाप्रमाणेच त्यांची वृत्तीही न्यायाची होती. टेक्सासच्या शाळांतून काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम याच न्यायाधीशांनी पूर्वी दिला होता, आणि त्यापायी गावाचा रोषही ओढवून घेतला होता. या कुटुंबांवर लोकांची आणि वार्ताहरांची नजर पडू नये म्हणून त्यांनी १९७७ च्या सप्टेंबरातील सुनावणी पहाटे सहा वाजता ठेवली.

त्या पहाटेचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे मन गलबलून जाते. न्यायालयातून आपण घरी परत येऊ याची त्या मायबापांना खात्री नव्हती. साक्ष होताच आपल्याला पकडून सीमेपार धाडतील, या भयाने त्यांनी संसारातले होते नव्हते ते मोटारीत भरून आणले होते. हद्दपारीची तयारी करून ही माणसे आली होती, आणि मागत काय होती? मुलांसाठी वर्गातल्या बाकावर चार वीत जागा!

परमेश्वराच्या कृपेने त्या दिवशी कोणास पकडले गेले नाही. न्यायमूर्ती जस्टिस यांनी काही दिवसांतच मनाईहुकूम काढून मुलांना शाळेत परत घेण्यास सांगितले, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबर १९७८ मध्ये शाळामंडळाविरुद्ध निकाल दिला. या मुलांना बाहेर ठेवून राज्याचा फारसा पैसा वाचत नाही, आणि परक्या देशातून येणाऱ्यांचा ओघ तर त्यामुळे मुळीच थांबणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मजूर येतो तो भाकरीसाठी. मुलाच्या पाटीसाठी कोणी नदी पोहून येत नाही.

पाच विरुद्ध चार

प्रकरण वरच्या न्यायालयात गेले, तेथेही तोच निकाल कायम राहिला. दरम्यान ह्यूस्टन येथील न्यायालयातही याच कायद्यावरील दावे चालले होते. तेही जोडले गेले आणि १ डिसेंबर १९८१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वाद सुरू झाला. १५ जून १९८२ रोजी निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकी पाच मुलांच्या बाजूने, चार विरुद्ध. एका मताने दार उघडे राहिले!

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले. त्यांचा युक्तिवाद आपण साध्या शब्दांत समजून घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदावी दुरुस्ती १८६८ साली, गुलामगिरीच्या अंतानंतर झाली. कोणत्याही राज्याने आपल्या हद्दीतील कोणाही 'व्यक्तीस' कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे ती सांगते. तेथे 'नागरिक' असा शब्द नाही, 'व्यक्ती' असा आहे. परवाना नसलेला मनुष्य नागरिक नसेल, परंतु व्यक्ती तर आहेच. मग त्याचे मूल संरक्षणाबाहेर कसे राहील?

दुसरा मुद्दा अधिक हृदयस्पर्शी आहे. बापाने नियम मोडला असेल, तर त्याचा जाब बापाला विचारता येईल. पण मूल स्वतःच्या निर्णयाने सीमा ओलांडत नाही, ते आईच्या कडेवर बसून येते. बापाच्या वर्तनाचा दंड मुलावर लादणे न्यायास धरून नाही. शिवाय निरक्षरता हा असा दंड आहे की, तो एकदा बसला म्हणजे जन्मभर फिटत नाही. ही मुले त्याच देशात वाढणार, त्यांतील पुष्कळ तेथेच राहणार. त्यांना अक्षरशत्रू ठेवून देशाच्या पोटात अडाण्यांचा एक कायमचा वर्ग निर्माण करण्यात कोणाचे हित आहे? शिक्षण हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असे त्याच न्यायालयाने १९७३ साली म्हटले होते. ब्रेनन यांनी ते खोडले नाही. परंतु शिक्षण ही काही इतर सरकारी सवलतींसारखी साधी सवलत नव्हे, आणि ते नाकारावयाचे तर राज्यापाशी भक्कम कारण हवे, असे त्यांनी बजावले. टेक्सासपाशी तसे कारण नव्हते.

विरुद्ध मत देणाऱ्या चौघांनाही निर्दय म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी त्यांचे मत मांडले. आपण स्वतः कायदे करणारे असतो, तर एकाही मुलास शाळेबाहेर ठेवणे शहाणपणाचे मानले नसते, असे त्यांनीही कबूल केले. त्यांचे म्हणणे एवढेच की, वाईट धोरण आणि घटनाबाह्य धोरण यांत फरक आहे, आणि सीमेचा प्रश्न विधिमंडळाने सोडवावा, न्यायालयाने नव्हे. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. तथापि एक गोष्ट उघड दिसते: मुलास बाहेर ठेवणे चांगले, असे कोणत्याही बाजूच्या न्यायाधीशाला म्हणवले नाही.

त्या खटल्यातील मुलांचे पुढे काय झाले? अनेक वर्षांनी वृत्तपत्रांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतील बहुतेकांनी टायलरमध्येच शालेय शिक्षण पुरे केल्याचे आणि ती कामधंद्याला लागून सुखाने संसार करीत असल्याचे आढळले. १९८६ साली अमेरिकेने केलेल्या कायद्यामुळे अनेक जुन्या रहिवाशांना कायदेशीर परवाना मिळण्याची वाटही खुली झाली होती. आणि स्वतः जेम्स प्लायलर, ज्यांचे नाव या खटल्याला चिकटले? उतारवयात त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, तो खटला आपण हरलो हेच बरे झाले, कारण त्यामुळे ती मुले शिकली. हरलेल्या मनुष्याने आपल्या हरण्याबद्दल समाधान मानावे, याहून मोठा निकाल कोणते न्यायालय देणार?

उघडे दार उघडे ठेवणे

दार एकदा उघडले म्हणजे काम संपले, असे समजू नये. वारा आला की ते पुन्हा आपटते. १९९४ साली कॅलिफोर्नियात मतदारांनी अशा मुलांना शाळेबाहेर काढणारा प्रस्ताव बहुमताने संमत केला. न्यायालयाने त्यास अडविले. २०११ साली अलाबामा राज्याने कायदा केला की, नव्याने नाव घालणाऱ्या मुलाच्या जन्माची आणि परवान्याची शाळांनी चौकशी करावी. कोणास शाळेतून काढावे असे त्या कायद्यात म्हटलेले नव्हते, फक्त विचारावे एवढेच होते. पण त्या विचारण्याचाच परिणाम पाहा: कायदा अंमलात येताच त्या राज्यातील दोन हजारांहून अधिक स्पॅनिशभाषी घरांतील मुले एका दिवशी शाळेत आलीच नाहीत. पुढे वरिष्ठ न्यायालयाने ते कलम रद्दबातल ठरविले. २०२५ साली टेनेसी राज्यात पुन्हा असेच विधेयक पुढे आले. वरिष्ठ सभागृहाने ते एप्रिलमध्ये मंजूर केले, पण कनिष्ठ सभागृहात ते त्या वर्षी तटले.

यावरून ध्यानात येते की, मुलाला शाळेबाहेर घालविण्यास 'चालता हो' असे म्हणावेच लागते असे नाही. एक प्रश्नही पुरतो. म्हणूनच अशा मुलांना साहाय्य करण्याचा आरंभ शाळेच्या कचेरीत, नाव घालण्याच्या मेजापाशी होतो. अमेरिकेच्या न्याय आणि शिक्षण खात्यांनी २०१४ साली शाळांना लेखी सूचना दिल्या. मूल शाळेच्या हद्दीत राहते एवढे सिद्ध झाले की पुरे. त्यासाठी घरभाड्याची पावती किंवा विजेचे बिल चालावे. वयाच्या पुराव्यासाठी परदेशातील जन्मदाखला नाकारू नये. तोही नसेल, तर डॉक्टराचा दाखला, आईबापांचे प्रतिज्ञापत्र, धर्मसंस्थेचा दाखला, इतकेच काय, घरच्या बायबलमधील जन्माची नोंदसुद्धा ग्राह्य मानावी, असे त्या सूचनांत म्हटले होते. देवळाच्या वहीतील बाप्तिस्म्याची एक ओळ अशा रीतीने मुलाला शाळेच्या वहीतील ओळ मिळवून देऊ शकते, हे वाचून आपल्या वाचकांना खचितच समाधान वाटेल.

सरकारी ओळखक्रमांक शाळेने मागितला, तर तो देणे ऐच्छिक आहे असे सांगणे तिला बंधनकारक आहे. मुलांच्या नोंदी गुप्त ठेवण्याविषयीचा कायदा १९७४ पासून आहे. काही ठराविक अपवाद सोडले तर आईबापांच्या लेखी संमतीवाचून त्या नोंदी बाहेर जाऊ नयेत. दुपारचे जेवण देताना परवाना विचारला जात नाही. १९७४ च्याच एका निकालाप्रमाणे, ज्या मुलांना इंग्रजी येत नाही त्यांना ती समजेल अशा रीतीने शिकविणे हेही शाळेचे कर्तव्य ठरले. या साऱ्या गोष्टी लहान वाटतात, पण भेदरलेल्या घराला त्यांचाच आधार असतो. शाळेतून आलेली चिठ्ठी आईला वाचता येईल अशा भाषेत असली, तर ती पालकसभेला येते. वाचता आली नाही, तर ती कोणत्या कचेरीचा हुकूम असेल या काळजीने रात्रभर जागते.

घरी कोणी असेल का?

अशा मुलांच्या मनात एक भीती सदैव वस्तीला असते. सकाळी शाळेत निघताना पाहिलेली आई संध्याकाळी घरी भेटेल की नाही, ही ती भीती. ७ ऑगस्ट २०१९ रोजी मिसिसिपी राज्यातील कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यांवर सरकारी अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी छापे घातले आणि सुमारे ६८० कामगारांना धरले. काही ठिकाणी तो शाळेचा पहिलाच दिवस होता. शाळा सुटली, इतर मुलांना घेऊन जावयास माणसे आली, आणि काही मुले वाट पाहत राहिली. एका गावात एका व्यायामशाळेच्या मालकाने आपली जागा उघडून दिली. शेजाऱ्यांनी जेवण आणले, अंथरूण पांघरूण आणले.

म्हणून शहाण्या शाळा आधीच तजवीज करतात. संकटाच्या वेळी मुलास कोणाच्या हाती सोपवावे, त्या आप्ताचे नाव आणि पत्ता त्या आईबापांकडून लिहून घेतात, आणि ती नोंद वरचेवर ताजी ठेवतात. कोणी अधिकारी शाळेत आला, तर त्याला कोणी सामोरे जावे आणि न्यायाधीशाच्या सहीचा हुकूम आहे की नाही हे कोणी पाहावे, हे ठरवून ठेवतात. शाळा आणि देवळे यांसारख्या ठिकाणी शक्यतो धरपकड करू नये, असे लेखी धोरण अमेरिकन सरकारने २०११ पासून पाळले होते. ते जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. तेव्हापासून ही तजवीज अधिकच निकडीची झाली.

शिक्षकाने मात्र याहून निराळे काही करावे लागते असे नाही. हुशार मूल एकाएकी गप्प झाले, गृहपाठ येईनासा झाला, वर्गात डोळा लागू लागला, तर रागवण्यापूर्वी त्याने कारणाचा अंदाज घ्यावा. एखाद्या मुलाने विश्वासाने आपले गुपित सांगितले, तर ते आपल्यापाशीच ठेवावे, वहीत लिहू नये, शिक्षकांच्या खोलीत बोलू नये. जिभेवर ताबा ठेवणे हा सद्गुण आपण प्रश्नोत्तरीत शिकतो. येथे त्यावर एका कुटुंबाचे सर्वस्व अवलंबून असते.

शाळा संपल्यावर

प्लायलरच्या निकालाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. तो शालेय शिक्षणापुरता आहे. बाराव्या इयत्तेच्या समारंभात गुलाबी गालांचे मूल पदवीचा झगा घालून उभे राहते, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कळते की, सरकारी शिष्यवृत्ती त्याला नाही, कामाचा परवाना नाही, आणि आपण अडीच वर्षांचे असताना ज्या देशात आलो, तो देश आपल्याला आपला म्हणत नाही. १५ जून २०१२ रोजी, प्लायलरच्या निकालानंतर बरोबर तीस वर्षांनी, लहानपणी आणल्या गेलेल्या तरुणांना दोन-दोन वर्षांपुरते संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी योजना सरकारने जाहीर केली. लाखो तरुणांना तिचा लाभ झाला. तथापि तो कायम हक्क नव्हता, आणि २०२१ साली न्यायालयाच्या हुकुमाने नव्या अर्जांची मंजुरी थांबली. या तरुणांना कायमची वाट मिळावी म्हणून २००१ साली प्रथम मांडलेले विधेयक अनेकदा पुढे येऊनही कायद्यात उतरले नाही. म्हणून चांगल्या शाळांतील सल्लागार शिक्षक अशा विद्यार्थ्यांना नववी-दहावीपासूनच कोणते महाविद्यालय त्यांना घेईल, कोणती खासगी शिष्यवृत्ती परवाना विचारीत नाही, याची माहिती मिळवून देतात. खोटी आशा दाखवीत नाहीत आणि खरी आशा मारीतही नाहीत.

पवित्र कुटुंबाची वाट

येथे एखादा वाचक म्हणेल, "हे सारे खरे, परंतु कायदा तो कायदा. प्रत्येकाने वाटेल तशी सीमा ओलांडली तर राज्य चालावे कसे?" हा प्रश्न रास्त आहे, आणि ख्रिस्तसभेने तो कधी टाळलेला नाही. अमेरिका आणि मेक्सिको येथील बिशपांनी २००३ साली मिळून लिहिलेल्या पत्रात दोन्ही गोष्टी मान्य केल्या आहेत: आपल्या सीमांचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा अधिकार, आणि पोटासाठी देशांतर करण्याचा कुटुंबाचा अधिकार. त्याच्याही पूर्वी, १ ऑगस्ट १९५२ रोजी, पोप बारावे पायस यांनी निर्वासित कुटुंबांविषयीच्या आपल्या विख्यात पत्रात नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचा आदर्श पुढे ठेवला. हेरोदच्या भयाने संत योसेफ रातोरात निघाला, मरियामातेने बाळ येशूला उराशी धरले, आणि मिसर देशात ते तिघे परके म्हणून राहिले. त्या परक्या गावी कोणा शेजारणीने दार उघडलेच असेल.

आपल्या घरांनाही देशांतर नवे नाही. आपले आजे-पणजे मुंबईला गेले, कोणी आगबोटीवर चढले, कोणी आफ्रिकेच्या किनारी उतरले, पुतणे-भाचे आखातात राबत आहेत. आणि परवान्याविना अमेरिकेस जाण्याच्या आडवाटेला भारतीय माणसेही लागली आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत गुजरातेतील ३३ जण होते, महाराष्ट्रातील ३ होते, आणि मुलेही होती. दलालाच्या बोलण्याला भुलून शेतीवाडी विकणाऱ्या बापाला वेळीच चार शब्द सांगावेत, हे खरेच. पण त्याच्याबरोबर गेलेल्या मुलाने भूगोलाच्या पुस्तकाखेरीज दुसरीकडे सीमा कोठे पाहिली होती?

आता शेवटी आपल्या उंबऱ्याशी येऊ. उसाच्या हंगामात, इमारतींच्या कामावर, वीटभट्ट्यांवर दुसऱ्या जिल्ह्यांतून, दुसऱ्या राज्यांतून मजूर येतात. त्यांची मुले आपल्याच देशाची, तरी जन्मदाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही, म्हणून दारात घुटमळतात. आपल्या देशाच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर स्पष्टच सांगितले आहे की, वयाचा दाखला नाही एवढ्यासाठी कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येणार नाही. हे त्या मजुरास बहुधा ठाऊक नसते. टायलरमध्ये धर्मग्रामाच्या एका कार्यकर्त्याने चौकशी केली नसती, तर ती चार कुटुंबे न्यायालयापर्यंत पोहोचली असती की नाही, कोण जाणे. तो न्यायाधीश नव्हता, वकील नव्हता. शेजारच्या घरातील मूल सकाळी शाळेत का गेले नाही, एवढेच त्याने विचारले.

येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीशेजारी पाल ठोकून राहिलेल्या एखाद्या आईला आपणही तेवढे विचारू या, आणि तिला सोबत घेऊन शाळेची पायरी चढू या. एकटीला ती फार उंच वाटते.